अस्तराने घेतलेलं उन्हाचं माप

टेलरकाकूंचं खरं नाव विचाराल तर गल्लीतल्या निम्म्या लोकांना सांगता येणार नाही. पुढच्या खोलीतलं मशीन आणि गळ्यातली टेप, एवढीच त्यांची जन्माची ओळख. डोळ्यांनी दगा दिला, सुईत दोरा ओवेना, तेव्हा मशीनवर चादर पडली आणि बाई स्वतःच्याच घरात पाहुण्यासारख्या वावरू लागल्या. मग त्यांनी घरामागचा वाफा हाती घेतला. आपली भिंत आणि शेजाऱ्यांचं झाड यांच्यामधली ती लांबट पट्टी. तिथे ऊन मनाला येईल तसं यायचं.

पहिल्या खेपेला काकूंनी शिवणाऱ्या बाईने कधीच करू नये ती चूक केली. माप न घेता कापड कापलं म्हणा ना. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसते टोमॅटो लावले. भिंतीकडचे बरे आले, मधले उंच वाढले पण फळाचं नाव नाही, आणि झाडाखालचे पिवळे पडून मेले.

धाकटे दीर टपूनच होते. त्यांना तिथे स्कूटर लावायला जागा हवी होती. "वहिनी, हौस झाली ना? सिमेंटची पोती आणून ठेवलीत मी जिन्याखाली." काकूंच्या नवऱ्याने नेहमीप्रमाणे पेपरात तोंड खुपसलं. काकू मोरीत जाऊन मनसोक्त रडल्या. मशीन गेलं, आता हेही जाणार, मग सकाळी उठायचं तरी कशासाठी? तोंडावर पाणी मारून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, आणखी एक हंगाम द्या. नाही जमलं तर गवंड्याला मीच बोलावते."

"दिला," दीर म्हणाले. त्यांना कुठे ठाऊक होतं!

ऊन कुठे किती पडतं ते दिवसभर बघत बसायचं, तर काकूंचे डोळे उजेडात पाणावायचे. अशात कपाट आवरताना जांभळ्या अस्तराचा तागा हाती लागला. हे काकूंचं जुनं दुखणं. रंग इतका कच्चा, की खिडकीत टांगलेला एक कोट उन्हाने आतून एकाच बाजूने विटला होता आणि गिऱ्हाइकाने चारचौघांत काकूंची खरडपट्टी काढली होती. तेव्हापासून तो तागा तोंड लपवून पडलेला. काकू त्याच्याकडे बघत राहिल्या आणि एकट्याच हसायला लागल्या.

त्यांनी खुंट्या ठोकून अख्ख्या वाफ्यावर अस्तर ताणलं.

"वाफ्याला झगा शिवताय का?" दिरांनी विचारलं.

"सध्या माप घेतेय," काकू म्हणाल्या.

काही आठवड्यांनी अस्तर काढून दोरीवर टाकलं, तर काय! भिंतीकडे पार पांढरं पडलेलं, फक्त एक चौकोन जांभळट. तिथे वरच्या टाकीची सावली पडायची. मधला भाग फिकट जांभळा. झाडाखाली रंग बराचसा टिकलेला, पण फांद्यांच्या फटीखाली एक पांढरा ठिपका. आणि शेवटच्या कोपऱ्यात रंग जसाच्या तसा. काकूंच्या डोळ्यांनाही दिसावं इतकं ढळढळीत.

मग काय, बाईंनी वाफा बेतला. पांढऱ्यात टोमॅटो आणि वांगी. फिकटात पालक, मेथी, कोथिंबीर. टाकीच्या चौकोनातही पालकच. झाडाखाली पुदिना आणि आलं. त्या एकट्या ठिपक्यावर एक मिरचीचं रोप, अगदी काज-बटण जुळवावं तसं.

आणि आलं हो सगळं! टोमॅटोच्या फांद्यांना आधार द्यावा लागला. पालक खुडावा तितका फुटे. जाऊबाई रोज परडी घेऊन हजर, आणि मिरची तर दिरांनाच इतकी आवडली की जेवताना ताटात नसली तर विचारायचे.

हंगाम संपल्यावर काकूंनी टेप काढली आणि दिरांच्या देखत स्कूटर मापली. "भाऊजी, त्या शेवटच्या कोपऱ्यात रंग उडालाच नव्हता. तिथे काही उगवायचं नाही. तुमची गाडी बरोबर बसते, लावा."

दीर उठले. तोऱ्यात पोती आणायला गेले, तर जिन्याखालच्या ओलीने सिमेंटचे पोत्यातच धोंडे झालेले. ते त्यांनी स्वतः ढकलत आणून वाफ्याच्या कडेला ठेवले. कोथिंबीर खुडताना काकू आता त्यांच्यावर बसतात.