झेलीचा मासा

ओझेलिया लफोरचा दिवस पहाटे तीनला सुरू व्हायचा. चूल पेटवायची, म्हाताऱ्या आईची कॉफी गाळून झाकून ठेवायची आणि चारच्या आत कालवांच्या शेडमध्ये हजर. दिवसभर काम उभ्यानं. कालव फोडायला सुरीपेक्षा खांद्याचा जोर जास्त लागतो आणि बसलं की तो जोर येत नाही. मी तिथं पोती वाहायचो. शेडमधल्या कुठल्याही बाईपेक्षा तिची बादली आधी भरायची, आणि कालवात शिंपल्याची कच सापडायची नाही.

सगळे तिला झेली म्हणत. आईला सांभाळण्यात लग्न राहून गेलं. धाकटी बहीण नोएमी लग्न होऊन अल्सीदच्या घरी गेली. अल्सीदकडे इंजिनाची होडी होती. नोएमीचे हात मऊ होते. झेली म्हणायची, ‘‘तिला पाव कापायलासुद्धा नवरा लागतो.’’ असं म्हणताना तिची सुरी जास्तच जोरात चालायची.

गुड फ्रायडेला लफूर्श खाडीच्या काठावर घरोघर कुबियाँ शिजतं. टोमॅटो आणि कांदा तासन्‌तास आटवायचा आणि त्या दाट रश्शात लाल माशाचे जाड तुकडे सोडायचे. मासा हातभर हवा. वीतभराचा रश्शात विरघळतो, मांडीएवढा चिवट लागतो. लफोरांच्या घरी हा मासा दरवर्षी नोएमीकडून यायचा. होडी खाडीच्या तोंडापर्यंत जायची, तिथं हातभर माशांचे कळप असत. आई, म्हणजे मामाँ, तो मासा सगळ्यात मोठ्या थाळीत वाढायची आणि आल्यागेल्याला सांगायची, नोएमीनं आणलाय. झेली शेडमागच्या धक्क्यावर गळ टाकून वीतभराचे मासे आणायची. मामाँ ते पीठ लावून पोरांसाठी तळायची. त्यांचं नाव कुणी काढायचं नाही.

झेलीला एकच हवं होतं. एकदा तरी त्या रश्शात तिचा मासा पडावा, आणि तो तिचा आहे हे मामाँला कळावं.

एका वर्षी गुड फ्रायडेच्या पवित्र आठवड्यात उत्तरेचा वारा सुटला. खाडीतलं पाणी ओसरलं, अल्सीदची होडी दारातच चिखलात बसली. गुरुवारी दुपारी नोएमी गळ घेऊन धक्क्यावर आली आणि झेलीच्या शेजारी बसली. मी मागे पोती रचत होतो.

त्या जागी फोडलेल्या शिंपल्यांचा ढीग वर्षानुवर्षं पाण्यात ढकललेला होता. त्यावर खेकडे, कोळंबी आणि त्यांच्यामागून मासे. नोएमीला लागोपाठ चार मासे लागले. सगळे वीतभर.

‘‘पोरंच आहेत,’’ ती म्हणाली. ‘‘अल्सीद म्हणतो, कळपात सगळे एका मापाचे. एक धरला की बाकीचे बघायला नकोत. तो असता तर केव्हाच इंजिन सुरू करून दुसरीकडे गेला असता.’’

झेली म्हणाली, ‘‘आहे त्याच्याकडे इंजिन.’’

थोड्या वेळानं गळाला काहीच लागेना. पाणी गप्प. नोएमी उठली, स्कर्ट झटकला. ‘‘छोटे होते तेही गेले. चल गं झेली, मामाँला सांगू यंदा खेकड्यांवर भागव.’’

‘‘तू हो पुढे. मी बसते.’’

झेलीला ठाऊक होतं की छोटे उगाच गप्प होत नाहीत. हे ती बहिणीला सांगू शकत होती. तिनं सांगितलं नाही. नोएमी वळणाआड जाईपर्यंत गळ पाण्याबाहेर धरून बसली. मग अर्धा खेकडा लावला, छोट्याच्या तोंडात मावणार नाही एवढा, आणि ढिगापलीकडे खोल पाण्यात टाकला. काळोख पडायच्या आत हातभर मासा धक्क्यावर आपटत होता. शेपटीजवळ काळा ठिपका, अंग तांब्याच्या नव्या भांड्यासारखं.

मी विचारलं, छोट्यांच्या कळपात हा कसा?

‘‘कळपात नाही. घरं वेगळी, पंगत एक,’’ ती म्हणाली. ‘‘आधी पोरं जेवतात. मोठे आले की पोरं उठतात. लोक पोरं उठली की निघून जातात.’’

घरी जाऊन तिनं मासा साफ केला आणि बर्फाच्या पेटीत ठेवला. मामाँ झोपली होती. झेलीनं तिला उठवलं नाही. मागून घेतलेलं कौतुक तिला नको होतं. मामाँनं मासा बघावा आणि आपणहून विचारावं, अशी तिची इच्छा.

पुढचं तिनंच मला सोमवारी सांगितलं, सुरी न थांबवता. मामाँच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. शुक्रवारी सकाळी तिनं पेटीत हात घातला, वितीनं मासा मोजला आणि काही न विचारता कामाला लागली. जेवायला नोएमी, अल्सीद, त्यांची पोरं, सगळे. मामाँनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, ‘‘नोएमी, या खेपेचा मासा फार गोड आहे गं.’’

झेलीच्या आधी नोएमीच बोलली. ‘‘मामाँ, हा झेलीनं धरलाय. मला नुसती पोरं लागली.’’

खरं बोलली. हसत, मनापासून बोलली. ‘‘तेवढंही मला बोलू दिलं नाही तिनं,’’ झेली मला म्हणाली.

आणि मामाँ म्हणाली, ‘‘झेली तर छोटेच आणते. कुठं बसायचं ते तू दाखवलं असशील.’’

नोएमीनं पुन्हा नाही म्हणून सांगितलं. मामाँनं मान हलवली आणि नोएमीच्याच ताटात आणखी एक तुकडा घातला.

झेलीकडे शेडच्या मजुरीतून बाजूला टाकलेले पैसे होते. पोत्यामागून पोतं फोडून जमवलेले. त्यातून ती इंजिनाची होडी घेणार, हे सबंध शेडला माहीत होतं. उन्हाळ्यात शेड बंद झाली तशी ती तेच पैसे घेऊन, मामाँच्या डोळ्यांसाठी, तिच्यासह न्यू ऑर्लिन्सच्या बसमध्ये बसली. ऑपरेशननंतर मामाँ, डोकं हलू नये म्हणून, दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून कितीतरी दिवस उताणी पडून होती. झेली उशाशी खुर्चीवर. नोएमी फुलं घेऊन आली तेव्हा झेलीनं ती खिडकीत ठेवली, पलंगापासून लांब.

अल्सीदनं अर्धा खर्च देऊ केला. तो काही वाईट माणूस नव्हता. झेलीनं एक डॉलर घेतला नाही. उजवा डोळा, डावा डोळा आणि वरचा जाड भिंगांचा चष्मा, सगळं तिनं आपल्या एकटीच्या मजुरीतून केलं.