सातचा आकडा

आज सकाळी सोसायटीच्या सेक्रेटरीने माझ्या आईच्या अंगावर रूम फ्रेशनर मारला. भर लिफ्टमध्ये. झुरळावर मारावा तसा.

आईच्या डोक्यावर बोंबलांची पाटी. दोन्ही हात वर, पाटीला. तोंडसुद्धा पुसता येईना. "बाहेर हो. अख्खी लिफ्ट घाण केलीस," तो म्हणाला. ती झाली बाहेर. मिटल्या डोळ्यांनी, दुखऱ्या गुडघ्यांनी पाच मजले जिन्याने चढली. पाचव्यावर त्याचंच घर. बोंबील त्याच्याच बायकोने मागवलेले.

हे मी लिफ्टसमोरच्या सोसायटीच्या ऑफिसातून बघितलं. गोखिवऱ्यातल्या त्या सोसायटीत आज दुपारपर्यंत मी टायपिंग करत होते. उन्हातान्हात मासळी विकून आईने मला कॉम्प्युटरचा क्लास लावला, पोरगी पंख्याखाली बसावी म्हणून. बसले होते पंख्याखाली. अंगाची लाही होत होती.

सेक्रेटरी आत आला, खुर्चीमागे उभा राहिला. नोटिशीचे सहा नियम टाईप करून झाले होते. पार्किंग, कचरा, गच्चीची चावी, असले.

"अजून एक टाक. मासेवाल्यांनी लिफ्ट वापरू नये."

"सर, ती माझी आई आहे."

"माहितीये. तूच लिहिलंस म्हणजे ती वाद घालणार नाही."

माझं बोट एंटरवर पडलं. सहाच्या खाली सातचा आकडा आला. आपोआप. तो हसला. "बघ, मशीनलाही कळतं." आणि चहाला गेला.

मी बॅकस्पेस दाबलं. आकडा गेला, पण ओळ आत सरकलेलीच राहिली, नियमांच्या रांगेत. वर जाऊन पुन्हा एंटर दाबलं. पुन्हा सात. नियम ठरलेलाच, मी फक्त भरायचा. पाचूबंदरला आमच्या घरात हेच चालत आलं. जागा दुसऱ्याने आखायची, आम्ही तिच्यात गुमान बसायचं. आई म्हणते, "आपन कोन बोलनार, बाय? जिना हाय ना." मलाही ते पटायचं. आज शिसारी आली.

क्लासच्या बाईंनी दाखवलं होतं, कॉम्प्युटर आपल्या मनाने जे करतो ते बंद करता येतं. फाईल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट. आपोआप येणाऱ्या आकड्यांपुढे टिक होती. ती मी केलेली नव्हती. कोणी विचारलंही नव्हतं. काढून टाकली.

कोरं पान घेतलं. सहा नियम पुन्हा टाईप केले, प्रत्येक आकडा माझ्या बोटाने. सहानंतर एंटर दाबलं. काही आलं नाही. डाव्या कडेला नुसता कर्सर लुकलुकत राहिला.

तो चहा पिऊन आला, तशी प्रिंट त्याच्या हातात दिली.

"सातवा कुठाय?"

"मी टाईप करणार नाही."

"कोळणीच्या पोरीला खुर्ची दिली, हेच चुकलं. जा, आईबरोबर मासे विक. उद्यापासून येऊ नकोस."

तो नियम तो दुसऱ्या कुणाकडून टाईप करून घेईल. टायपिंगची दुकानं काय कमी आहेत? घेऊ दे. बोर्डावर लावू दे.

उद्या मी येणार आहे. आईबरोबर. ती नको म्हणेल, मी ऐकणार नाही. लिफ्टचं बटण मी दाबणार. पाटी माझ्या डोक्यावर असेल. त्याने पुन्हा फ्रेशनर उचलला, तर उद्या आईचे दोन्ही हात मोकळे असतील.