‘काहीही’ चिरायचं की भिजवायचं?

खरं सांगायचं तर या आठवणी माझ्याच आहेत, की ऐकून ऐकून माझ्या झाल्या आहेत, याची मला खात्री नाही. नीलाला, म्हणजे माझ्या पत्नीला, हे वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "निम्मं चूक आहे." कुठलं निम्मं, ते मात्र सांगेना!

घरातले किस्से मांडणीवरच्या झाकणांसारखे साठतात. भांडी मोडीत जातात, झाकणं उरतात. कुठलं कशाचं, ते कुणालाच कळत नाही आणि टाकवतही नाहीत.

सत्तरच्या दशकात आम्ही सोलापुरात, भवानी पेठेत, दोन खोल्यांत राहायचो. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचो. ग्राहक निवड कशी करतो, या विषयावर मी पीएच.डी. केली होती. नीला अक्कलकोटजवळच्या मैंदर्गीची, माहेरी कानडी, सासरी मराठी. विजू आणि सतीश ही दोन मुलं.

संध्याकाळी मिलचा भोंगा झाला की स्टोव्हला पंप मारता मारता नीला विचारायची, "अहो, रात्री काय करू?"

मी म्हणायचो, "काहीही."

एकदा तिने पंप थांबवला. "हे काहीही चिरायचं असतंय, की भिजत घालायचं असतंय? एकदा सांगा की!"

*

मी निर्णय घ्यायला घाबरायचो, असं नाही. (घाबरायचो.) पण माझं म्हणणं, निर्णय विचार करून घ्यावा. एकदा मी तिला व्यवस्थित समजावून सांगितलं. वांगी केली तर सतीश खात नाही. सतीश खात नाही म्हणून वांगी केली नाहीत, तर त्याला ती सवय लागते. उलट मेथी करावी, तर ती सकाळीच झालेली. मात्र सकाळची मेथी आणि रात्रीची मेथी यांत फरक करता येतो...

"झालं का ठरवून?" नीलाने विचारलं.

"थांब. मी अजून पहिल्या पर्यायावर आहे."

"मग हात धुऊन या. पिठलं झालंय."

*

यावर उपाय म्हणून मी वेळापत्रक केलं. कॉलेजसारखंच. आडव्या ओळीत वार, उभ्या ओळीत भाजी, आमटी आणि शेरा. लाल शाईने रेघा मारल्या आणि स्टोव्हच्या वरच्या भिंतीवर चिकटवलं. सोमवारी मेथी, मंगळवारी वांगी, बुधवारी दोडका.

सोमवारी मी घरी आलो तर पिठलं!

"मेथी?" मी भिंतीकडे बोट दाखवलं.

नीला म्हणाली, "मेथी आज रजेवर आहे. मंडईत आलीच नाही."

विजू तेव्हा पाचवीत होती. ती ताट घेता घेता म्हणाली, "बाबा, आज ऑफ पीरियड! पिठलेसरांनी आमचा तास घेतला."

त्या आठवड्यात पिठलेसरांनी चार तास घेतले. शनिवारी वाफेने कागद सुटून कढईत पडला. नीला म्हणते, पडला नाही, तिने काढला. मला मात्र तो पडताना आठवतो. आता कोण खरं, देव जाणे.

*

मग लोकशाही करून पाहिली. चार माणसं, चार चिठ्ठ्या, गुप्त मतदान. पेटी म्हणून शेंगदाण्याच्या चटणीचा रिकामा डबा. सतीश आठ वर्षांचा होता, पण त्यालाही समान मताधिकार दिला.

डबा उघडला. पाच चिठ्ठ्या निघाल्या!

दोन चिठ्ठ्यांवर ‘बटाटा’ होतं. दोन्हींत ‘टा’ उलटा काढलेला. एका चिठ्ठीवर ‘भरली वांगी’. एक कोरी, ती नीलाची. ती म्हणाली, "करणारीनं कशाला मत द्यायचं?" आणि पाचवीवर सुवाच्य अक्षरात ‘काहीही’.

"हे कुणाचं, ते ओळखायला चौकशी समिती नको," नीला म्हणाली.

ते वर्ष देशातल्या आणीबाणीचं. तिने चिठ्ठ्या गोळा करून चुलीत टाकाव्या तशा केराच्या टोपलीत टाकल्या आणि जाहीर केलं, "आता इथं पण आणीबाणी. भाकरी आणि आमटी. बोलायचं नाही कुणी!"

कुणी बोललं नाही. आमटी चांगली झाली होती, तेही कुणी म्हणालं नाही.

*

स्टाफरूममध्ये मी माझी अडचण सांगितली. भौतिकशास्त्राचे कुलकर्णी हसले. म्हणाले, "डॉक्टर, बायकोला उत्तर नको असतं, आत्मविश्वास हवा असतो. कुठलाही पदार्थ घ्या आणि ठणकावून सांगा!"

मी रस्ताभर मनाशी घोकत आलो. दारातूनच म्हणालो, "आज शेंगोळ्या!"

नीलाने माझ्याकडे पाहिलं. कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं. मग हुलग्याचं पीठ काढलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हुलग्याचं तिखट पीठ घट्ट मळायचं, त्याच्या बोटाएवढ्या वळकट्या हातावर एक एक करत वळायच्या आणि मग रस्सा करून त्यात शिजवायच्या. मला हे ठाऊक नव्हतं. मला फक्त खाणं ठाऊक होतं.

विजू वळायला बसली. सतीश वळायला बसला. शेवटी मीही बसलो. माझ्या वळकट्या पाहून नीला म्हणाली, "हे काय, खडूचे तुकडे केलेत?"

पोरं शेंगोळ्यांची वाट बघत शेंगदाणे खाऊन झोपली.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला. "रात्री काय करू?"

"काहीही," मी म्हणालो.

"हं! आता कसं शहाण्यासारखं बोललात!"

*

एकदा मात्र मला वाटलं, आपण जिंकलो. सकाळी खिळ्याला फडक्यात बांधलेली मटकी लटकलेली दिसली. म्हणजे रात्रीचं ठरलेलंच आहे! संध्याकाळी प्रश्न आला आणि मी वर्तमानपत्रातून डोकंही न काढता म्हणालो, "मटकीची उसळ कर."

"अय्यो! आज थेट उत्तर!" नीला खरंच खूष झाली. "पण ती उद्यासाठी आहे. मोड कुठं आलेत अजून?"

*

या सगळ्यात एक वर्ष असं होतं, जेव्हा तिने हा प्रश्न विचारलाच नाही. बहात्तरच्या दुष्काळात. मुलं लहान होती. रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापताना फुटायची आणि गार झाली की चामड्यासारखी व्हायची. मंडईत जाऊन उपयोग नव्हता. भोंगा व्हायचा, नीला पंप मारायची, आणि भाकरी थापायला घ्यायची.

पुढच्या हंगामात तिच्या वडिलांनी मैंदर्गीहून एस.टी.च्या टपावरून नव्या ज्वारीचं पोतं पाठवलं. त्या संध्याकाळी तिने पदर खोचला आणि जवळजवळ गाणं म्हणावं तसं विचारलं, "अहो, रात्री काय करू?"

तेव्हा तरी मी काहीतरी सांगायला हवं होतं. माझ्या लक्षात आहे, मी विचार करू लागलो होतो.

*

आता मैंदर्गीचंच. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही तिकडे जाणार होतो. नीला आधी गेली, मी पेपर तपासून मागाहून. तिच्या आईने विचारलं, जावयांना काय आवडतं? लग्नाला बारा वर्षं झाली होती. नीलाला सांगता येईना.

सासूबाईंनी मग सावधगिरी म्हणून अकरा पदार्थ केले! गव्हाची गोड हुग्गी, धपाटे, भरलं वांगं, दोन उसळी, चटण्याच तीन. मी सगळं खाल्लं. सारखंच खाल्लं. एकाला वाईट वाटू नये, म्हणून पदार्थांनासुद्धा मी समान वागणूक देतो. सासूबाई पंख्याने वारा घालत कुठल्या वाटीकडे माझा हात दुसऱ्यांदा जातो ते बघत होत्या. तो गेला नाही.

परतताना एस.टी.त नीला खिडकीकडे तोंड करून बसली होती. अक्कलकोट गेलं तेव्हा बोलली.

"आई काय म्हणाली ठाऊक आहे? बारा वर्षांत नवऱ्याची जीभ कळली नाही, मग तू तिथं करतीस काय?"

मी म्हणालो, "अगं, मला सगळंच आवडतं."

"सगळं आवडणं म्हणजे काहीच न आवडणं झालं की! रोज ताटाकडं न बघता जेवता. चांगलं झालं तरी गप्प, खारट झालं तरी गप्प. मी कुणासाठी करतीय, तेच कळत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाली, "एकच पदार्थ सांगा. एकच. जन्मात पुन्हा विचारणार नाही."

प्रश्न गंभीर होता. मी शनिवारपर्यंत मुदत मागितली.

*

तो शनिवार काही आला नाही. पण त्याच पावसाळ्यात शेजारच्या खोल्यांत मालतीवहिनी राहायला आल्या. यजमान रेल्वेत, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. बरोबर अण्णांच्या आई. त्यांचं स्वयंपाकघर मी कधी पाहिलं नाही. आईंचं सोवळं एवढं, की तिथवर जायची कुणाची हिंमत नव्हती.

शेजार झाला तशी वाट्यांची देवाणघेवाण सुरू झाली. स्टीलच्या छोट्या वाटीवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं असायचं: ‘सौ. मालती’. नीला ती माझ्या ताटाशेजारी ठेवायची आणि म्हणायची, "ही वहिनींची वाटी."

दुसऱ्याच्या घरच्या पदार्थाबद्दल माणूस मोकळेपणाने बोलतो. निदान मी बोलायचो. "वांगं जरा कच्चं राहिलं." "कारळ्याची चटणी अशी भरड नको." "ही डाळमेथी पुन्हा नाही पाठवली तरी चालेल!" आणि एक दिवस शेंगदाण्याची आमटी आली. वर ठेचलेल्या लसणाची खमंग फोडणी. मी वाटी बोटाने पुसून खाल्ली आणि म्हणालो, "वा! लसूण जाळायचा कुठवर, हे कळायला हात लागतो! याच्यापुढे मला दुसरं काही नको."

"हेच का आवडलं?" नीलाने विचारलं.

"सर्वांत जास्त!"

तिने वाटी उचलली. बराच वेळ घासत होती.

चार दिवसांनी तीच आमटी आमच्या पातेल्यात दिसली. मी समजलो, वहिनींकडून शिकून घेतली. म्हणालोही, "जवळ आलीस. पण वहिनींचा हात वेगळा." ती हसली. मग ती आमटी आठवड्यातून एकदा होऊ लागली. भोंगा व्हायचा, पंपाचा आवाज यायचा. प्रश्न मात्र यायचा बंद झाला. मला वाटलं, कंटाळली असेल. तीन वर्षांनी अण्णांची बदली झाली.

खूप वर्षांनी आम्ही दोघं त्यांच्याकडे पुण्याला गेलो. चहा झाल्यावर मी वहिनींना म्हणालो, "त्या लसणाच्या आमटीची कृती एकदा सांगाच. मी ती कुठेतरी लिहून ठेवणार आहे."

"कुठली आमटी, भाऊजी?"

मी वर्णन केलं. नीला उठून बाल्कनीतली कुंडी बघायला गेली.

वहिनी म्हणाल्या, "अहो, आमच्या सासूबाईंचा नेम किती कडक! सोलापूरच्या घरात लसूण कधी आलाच नाही."

वहिनींचं वय झालं आहे, त्या विसरल्या असतील, म्हणून मी फाटकापर्यंत सोडायला आलेल्या अण्णांना बाजूला घेऊन विचारलं. त्यांनीही तेच सांगितलं. कांदासुद्धा नाही.