पोरीचं जमू दे आधी

“लई नाय, एकच सांगते,” म्हणून ताई बोलायला लागली की आम्ही आणखी एकेक चहा सांगायचो. तिचं ते ‘एक’ कधीच लवकर संपायचं नाही. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

विद्यापीठात ती माझ्या पुढं होती. गंगापूरकडची, शेतकऱ्याची मुलगी. खुलताबादच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या पाण्यावर तिची पीएच.डी. चालली होती. बाटल्यांची पिशवी खांद्याला अडकवून एसटीनं जायची. तिथली एक म्हातारी तिला जेवल्याशिवाय सोडत नसे. येताना ताई आमच्यासाठीही भाकरी-ठेचा आणायची. “मावशीनं दिलंय. नावं ठेवायची नाय.”

तपासणीत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड फार निघालं. असं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की हाडं वाकतात, सांधे धरतात. तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, “प्रबंध होऊ द्या, मग कळवू.” ताईला दम निघाला नाही. दुसऱ्याच दिवशी जाऊन तिनं गावाला सांगितलं.

बोअर बंद झाला, टँकर सुरू झाला. आम्ही तिचं कौतुक केलं. पण बातमी पसरली आणि मावशीच्या नातीचं ठरलेलं लग्न मोडलं. त्या गावच्या पोरींची हाडं खराब, असं लोक म्हणू लागले.

पुढं विभागात संशोधक विद्यार्थ्यांनी आपापले अनुभव सांगायचा कार्यक्रम झाला. कुणी मागं लागलेल्या कुत्र्याचं सांगितलं, कुणी बंद पडलेल्या यंत्राचं. हशा चालला होता. ताई उठली. त्या दिवशी तिनं नेहमीची सुरुवात केली नाही.

लग्न मोडलं त्या मुलाच्या घरी ती जाऊन आली होती. “पोरगी धडधाकट हाय, मी बघितलीय,” तिनं त्यांना सांगितलं. मुलाचे वडील शांतपणे म्हणाले, “पाणी खराब हाय, हे तुम्हीच सांगितलं ना, बाई?”

तिथून ती मावशीकडं गेली. मावशीनं बसायला सतरंजी टाकली.

“माझं चुकलं का, मावशी?”

“नाय. तुझं खरंच हाय. पण आता येत जाऊ नको. तू दिसलीस की पोरगी आत जाऊन बसती.”

एवढं सांगून ताई खाली बसली.

महिनाभरात तिनं वसतिगृहातलं सामान आवरलं. मी रिक्षापर्यंत सोडायला गेलो. “प्रबंध लिहून झालाय की, ताई. देऊन टाक.”

“देईन,” ती म्हणाली. “पोरीचं कुठं तरी जमू दे आधी.”

नंतर तिचा फोन लागला नाही. ग्रंथालयात नवे प्रबंध आले की मी तिचं नाव बघतो. अजून आलेलं नाही.