अल्पशा आजाराने नव्हे

दादाचा फोन आला तेव्हा मी सातवीच्या वर्गात हजेरी घेत होतो. "गेली रे तुझी वहिनी," एवढंच तो बोलला आणि मग बराच वेळ फोनमधून नुसती मेंढरं ओरडताना ऐकू येत राहिली... अंत्यविधी उरकल्यावर पेपरात बातमी द्यायचं काम, घरातला शिकलेला म्हणून, माझ्याकडं आलं. शाळेचा फळा वर्षानुवर्षं मीच लिहितो, हात सराईत. लिहून टाकलं, 'गयाबाई यांचे अल्पशा आजाराने निधन.' तिसऱ्या दिवशी ती छापून आली आणि पेपर घेऊन सारिका, माझी पुतणी, माझ्यापुढं उभी राहिली. डोळे सुजलेले, पण आवाज थेट आईचा.

"काका, आईचा आजार अल्पसा होता का? मंग दोन वरीस ती काय करून राह्यली होती?"

बातमी खोटी होती आणि ती मी दिली होती. हा लेख म्हणजे तिची दुरुस्ती आहे.

वाटूरच्या अलीकडं आमचं गाव. थोडी कोरडवाहू जमीन आणि तीस-चाळीस मेंढरं. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा मी चौथीत होतो, आई आधीच गेलेली. मला भाकरी बांधून शाळेत धाडलं ते त्यांनीच. मी मेंढरांमागं जायचा हट्ट धरला की म्हणायच्या, "मेंढरं राखायला अक्कल लागते भाऊजी, तुम्ही आपले मास्तर व्हा." झालो. पण अक्कल कमीच पडली हे पुढं कळलं.

छातीतल्या गाठीचा तपास झाला आणि संभाजीनगरच्या डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला. दादा इलाजाचं विचारत राहिला. माझ्या डोक्यात मात्र पहिला विचार आला तो सारिकाच्या लग्नाचा. आईला असलं दुखणं म्हटल्यावर पोरीला कोण करून घेणार? दवाखान्याच्या जिन्यातच मी ठरवून टाकलं, विचारलं तर कावीळ सांगायची. परतताना एसटीत गावातली बाई भेटली, तिला मी सांगितलंही. ती उतरल्यावर वहिनी म्हणाल्या, "कावीळ म्हणता, तर गळ्यात काविळीची माळ पण घालून टाका, भाऊजी. अर्धवट सोंग कशाला?"

केमोच्या दुसऱ्या सलाईननंतर केस हातात यायला लागले. मी शहरातून चांगला केसांचा टोप आणून दिला. वहिनींनी तो आमच्या एडक्याच्या डोक्यावर बसवला आणि तो बेटा दिवसभर टोप घालून वाड्यातून हिंडला. मला भयंकर राग आला होता. आता आठवलं की हसू येतं. त्याच आठवड्यात घरी कातरणी होती. दादा दगडावर बसून एकेक मेंढी पुढ्यात घेऊन लोकर उतरवत होता. शेवटची मेंढी उठली आणि वहिनी तिच्या जागी जाऊन बसल्या. "आता माझा नंबर."

थोरली आत्या धावून आली. "अगं, नवरा जिता असताना सवाष्णीनं डोकं करायचं नसतं!"

"मंग त्या औषधाला सांगा की आत्या, ही सवाष्ण हाय, हिचे केस सोड म्हणून."

दादानं कातर उचलली आणि परत खाली ठेवली. "शेकड्यानं मेंढरं कातरलीत, आताच काय झालं?" वहिनी त्याला दटावत होत्या. कातर चालली. दादा रडत होता आणि त्या मान खाली घालून त्यालाच सांगत होत्या, कानाजवळ सांभाळून.

त्या कधी भ्यायल्या नाहीत असं मी लिहिणार नाही. चौथ्या सलाईननंतर परत येताना माझा हात धरून म्हणाल्या, "भाऊजी, लई भेव वाटतंय." मी म्हणालो, म्हणूनच कुणाला सांगू नये, लोक जास्त घाबरवतात. त्यांनी हात सोडला. "रानात लांडगा आला तर मेंढकी काय करते? गप दडून बसली तर तो कळप संपवून जातो. ती हाळी देते. चार माणसं धावून येतात, न्हाई आली तरी लांडग्याला कळतं की ही जागी हाय."

मग सारिकाला बघायला पाहुणे आले. निदान त्या दिवशी पदर नीट घ्या म्हणून मी हात जोडले होते. "बघू," म्हणाल्या. चहाचं ताट घेऊन बाहेर आल्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, ताट खाली ठेवलं आणि डोक्यावरचा पदर मागं सारला. "मला कॅन्सर हाय. इलाज चालू हाय. पोर बिलकुल ठणठणीत हाय. पटत असंल तर चहा घ्या." पाहुण्यांनी चहा घेतला नाही. फोनही आला नाही. मी वाट्टेल ते बोललो, तुमच्या हट्टापायी पोरीचं वाटोळं होईल इथपर्यंत. त्या सारिकाकडं वळल्या. सारिका म्हणाली, "बरं झालं, आई. तसल्या घरात मला तुझं नाव घेता आलं नसतं."

दोन महिन्यांनी अंबडकडचे पाहुणे आले. पुन्हा तोच पदर, तीच वाक्यं. मुलाची आई उठली, चष्मा सारखा करून वहिनींच्या डोक्याकडं बघत राहिली. "कातरलं कुणी हे? बराबर न्हाई झालं. मागं खुंट राह्यलेत." तीही मेंढपाळाच्या घरातलीच. दादा ओशाळून म्हणाला, "मी कातरलं." ती म्हणाली, "बसा इकडं," आणि कातर मागून घेऊन तिनं अंगणात वहिनींचं डोकं नीट केलं. चहा तोवर निवून गेला, तो सगळ्यांनी तसाच प्यायला. सारिकाचं त्याच घरी जमलं. लग्नात वहिनींचे केस बोटभर आले होते. गजरा टिकेना, तर त्यांनी मनगटाला बांधला.

आजार उलटला तो पुढच्या वर्षी. पुन्हा सलाईन, पुन्हा केस गेले, आणि वॉर्डातल्या बायकांना त्यांचं एकच सांगणं, लोकर कातरली म्हणून मेंढी मरत न्हाई गं. या वेळी त्या वाचल्या नाहीत. पण दडून मेल्या नाहीत, हे मला छापून यायला हवंय. गावातल्या तीन बायका त्यांचं बघून वेळेवर तपासायला गेल्या, चोरून नाही, सांगून.

दहाव्याला धाकट्या दिराचं म्हणून माझंही डोकं केलं. निघताना सवयीनं खिशातली टोपी काढली. दाराशेजारच्या खुंटीवर कातर लटकत होती, दादानं पुसून तेल लावून ठेवलेली. मी टोपी तिच्यावर अडकवली आणि तसाच बोडक्यानं वाटूर फाट्यावर येऊन उभा राहिलो. एसटीची वाट बघणाऱ्या दहा-पंधरा माणसांतून एकानं विचारलं, "कोण वारलं, मास्तर?"

"वहिनी."

"काय झाल्तं?"

"कॅन्सर," मी म्हणालो. पार रस्त्यापलीकडं ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.