उजव्या कडेवरची पोर

स्टेशनात नोकरी केली की किस्से शोधावे लागत नाहीत, आपोआप साचतात. लढाईच्या दिवसांत मी लोणावळ्याला पार्सलबाबू होतो. फलाटावर माणसं एकमेकांना निरोप देत, आणि कोण कुणाला कुठल्या बाजूला धरतं ते बघायची मला सवय लागली. रिकामपणचे धंदे, दुसरं काय!

*

आमचा हमाल इसाकभाई दर ईदेला मला गळाभेट शिकवायचा. मी हटकून उलट्या बाजूनं जायचो आणि नाकं आपटायची. "बाबू, इंजनाला कळतं कुठल्या रुळावर जायचं, तुमाला न्हाई!"

मग एका वर्षी त्याचा तरणा मुलगा तापानं गेला. त्या ईदेला मी नीट बाजूनं गेलो. एकदा भेटून बाजू बदलायची असते. इसाकभाईनं बदललीच नाही, तसाच राहिला. मलाही सोडवून घेववेना.

*

मावळातलाच एक जवान लढाईवर निघाला होता. डाव्या खांद्यावर वळकटी. म्हाताऱ्या आईनं ती ओढून उजव्या खांद्यावर चढवली.

"आये, तितंच बरी व्हती की!"

"ऱ्हाऊ दे. ही बाजू माजी हाय."

आणि तिनं मोकळ्या झालेल्या डाव्या खांद्यावर डोकं टेकलं. मी उगाच पावत्या चाळत बसलो.

*

आणि ही पोर. वर्षाची असेल, बोलता येत नव्हतं. आईनं तिला फलाटावर बसवलं, गाठोडं ठेवायला डब्यात चढली आणि पुण्याची गाडी हलली!

पोर रडून रडून निळी पडली. मास्तरांनी घेतली, मी घेतली, चहावाल्यानं घेतली. सगळ्यांनी अर्थातच डाव्या कडेवर. शेवटी झाडूवाल्या गऊबाईनं घेतली. तिचा डावा हात भाजलेला, म्हणून उजव्या कडेवर. पोरीनं मान टाकली नि गप्प झाली.

"हिची आय डावरी असंल. डाव्या हातानं काम, म्हून पोर हिकडं," गऊबाई म्हणाली. आम्ही हसलो.

पुण्याकडून एक गाडी आली, दुसरी आली. आई उतरली नाही. संध्याकाळी पोलीस येऊन पोर पुण्याच्या अनाथाश्रमात नेणार होता. ओळख पटल्याशिवाय ती कुणालाही द्यायची नाही, असं मास्तरांनी बजावलं. बरोबरच होतं त्यांचं.

आम्ही तिसऱ्या गाडीची वाट बघत होतो, तोच रुळांमधून एक बाई धावत आली. पुढच्या स्टेशनावर उतरून ती तशीच अनवाणी निघाली होती. धापा टाकत फलाटावर चढली.

मास्तर पुढं झाले. "बाई, पोरीचं नाव काय? खूण काय?"

हात पुढं यायच्या आधीच पोर घ्यायला बाईची कंबर उजव्या बाजूला बाहेर आली होती.

"आता काय इचारताय, मास्तर!" गऊबाई म्हणाली आणि तिनं पोर पुढं केली.