नथ्थूभाऊंच्या शिकवणीतला उणे एक

ब्रह्मपुरीत आमच्या आळीत नथ्थूभाऊंना 'सर' फक्त त्यांची पोरं म्हणतात. आम्ही बाकीचे 'खेकसभाऊ' म्हणतो, तेही त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं. भाऊ दहावीच्या गणिताची शिकवणी घेतात. शिकवणी अंगणात भरते आणि आमच्यामधली भिंत छातीएवढीच, त्यामुळं मी दरवर्षी फुकटात दहावी करून राह्यलो. माणूस असा, की कुणी बरोबर उत्तर दिलं तरी त्याला राग येतो.

यंदा सारी मदार उर्वशीवर होती. ती बोर्डात चमकली तर शिकवणी टिकणार, नाहीतर उरलीसुरली पोरं समोरच्या प्रवीणच्या शिकवणीला जाणार. हे भाऊंना ठाऊक होतं. पण जीभ आवरेल तर ते नथ्थूभाऊ कसले!

परवा रेषेचा चढ चालू होता. फळ्यावर डावीकडून उजवीकडे उतरत गेलेली रेषा. उर्वशीनं उजव्या टोकापासून सुरुवात केली. चार घरं मागं, चार घरं वर. चाराला चारानं भागलं. चढ एक.

"रेषा उतरून राह्यली आन् चढ अधिक? डोळे घरी ठेवून आली काय?"

"सर, रोवण्यात मागं मागंच सरकतो ना. जितकं मागं, तितकं काम पुढं. म्हणून ते चार अधिकच धरले."

धान रोवणाऱ्या घरची पोर ती. उजवीकडून निघालीस तरी चालते, फक्त मागं गेलेले चार उणे धर, एवढंच सांगायचं होतं. भाऊ म्हणाले, "मंग जा, चिखलातच उलटी चाल. तुया खानदानात कोणाच्या डोक्यात गणित शिरलं?"

तिची आई वच्छलाबाई तिला न्यायला नेमकी दारात उभी.

"काय म्हन्लं मास्तर? त्याच चिखलातला भात गिळता ना?"

"पोरगी चुकली बाई."

"चुकली त शिकवा. खानदान काऊन काढता?"

मी भिंतीवरून मान काढली. "भाऊ, माफी मागून टाका. जीभ झिजत नाई."

"तू गप राय बे, फुकट्या!"

वच्छलाबाई थांबली. भाऊ नुसते खडू झटकत राहिले.

उर्वशी उठली. फळ्यावर छेदातल्या चाराआधी उणे टाकलं, उत्तर उणे एक केलं.

"आई, गणित सरचंच बरोबर हाय व. पन चाल."

दोघी सरळ प्रवीणच्या पायऱ्या चढल्या. मागोमाग आणखी तीन पोरी.

"उद्या ये! पुढचं उदाहरण बाकी हाय!" भाऊ दारातून ओरडले. पण ते असं खेकसून आलं, की कुणाला ते बोलावणं वाटलंच नाही.